एक गुण वजा

मुलं येईनाशी झाल्यामुळे नागोयातली आमची छोटी स्केटिंग रिंक महिनाअखेर बंद होणार होती. आजच्या स्पर्धेत जिंकणारीलाच मोठ्या रिंकवर जागा मिळणार होती. माझी चारुता एकदाही पडली नाही, तरी अर्ध्या गुणानं दुसरी आली. फलकावर तिच्या नावापुढे ‘एक गुण वजा’ होतं. “झुरुई! लबाड आहेत पंच!” ती हुंदके देत अर्धं जपानीत, अर्धं मराठीत म्हणाली, “मी परदेशी ना, म्हणून!” “थांब, विचारतेच,” म्हणत मी उठले, तर पंचबाईच समोर आल्या. कमरेत वाकून त्यांनी दोन्ही हातांनी पुडी दिली. “पोशाखातलं काही बर्फावर पडलं, की गुण कापावाच लागतो.” पुडीत चारुताच्या तान्हेपणीच्या मनगट्यांतला काळा मणी होता. मीच तो फ्रॉकच्या अस्तराला गुपचूप टाचला होता. “दृष्ट लागू नये म्हणून गं...” चारुतानं वाकून पंचबाईंची माफी मागितली. माझ्याकडे पाहिलं नाही.