तिसऱ्या मजल्यावरचा वास

राजनने आधी रबरी हातमोजे घातले, चष्म्यावर कंपनीचा गॉगल चढवला आणि मग कात्री घेऊन बेडरूमच्या कोपऱ्यातल्या तंबूसमोर गुडघे टेकले. कापायचं होतं एक झाड. पण माणूस आखातातल्या तेल कंपनीतला सेफ्टी ऑफिसर, शिस्त ती शिस्त.

तंबू म्हणजे कपड्यांच्या कपाटाएवढा काळा कापडी खोका. चेन खाली ओढली तसा आतला पांढराफेक उजेड त्याच्या तोंडावर आला, आणि उजेडामागून वास. कुंडीतलं गांजाचं झाड कमरेएवढं झालं होतं. नुकतीच फुलं धरली होती, आणि फुलांबरोबर एवढा वास सुटेल हे राजनच्या गावीही नव्हतं. याआधी त्याने आयुष्यात फक्त मटकीला मोड आणले होते.

वास जिन्यात गेला होता. वरच्या मजल्यावरच्या रत्नमालाबाईंनी सकाळीच इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "तिसऱ्या मजल्यावर कसला तरी घाणेरडा वास येतोय. हारिसने प्रत्येक घरात जाऊन बघावं." हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार, यूसुफ. तो आत्ता दुसऱ्या मजल्यावरच्या बेल वाजवत होता. ऐकू येत होतं.

"काय करताय?" चारुशीला दारात उभी होती.

"कापतो आणि फ्लश करतो."

"कमरेएवढं झाड? अख्ख्या फहाहील शहराचं गटार तुंबेल."

"चारू, इथे याला तुरुंग आहे. पकडलो तर..."

"तर तुम्ही आत, आणि मी पहिल्या विमानाने वेंगुर्ल्याला. ठाऊक आहे."

"हसू नकोस."

"हसत नाहीये. दुखतंय."

ती पलंगाच्या कडेला बसली. किमो संपली होती, पण बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं ते काही संपलं नव्हतं. रात्र रात्र हात मांड्यांखाली दाबून बसायची. "आपल्या लेकीच्या, समिधाच्या टोरांटोत हे दुकानात मिळतं. पावतीसकट. इथला डॉक्टर मला गोळी देतो आणि इन्शाल्ला म्हणतो. सेफ्टी ऑफिसर ना तुम्ही? मग सांगा बघू, धोका कुठे आहे? त्या कुंडीत, की माझ्या हातात?"

हा प्रश्न कंपनीच्या एकाही प्रशिक्षणात आला नव्हता.

"कात्री द्या इकडे," ती म्हणाली.

राजनला वाटलं, ही स्वतःच कापणार. त्याने मुकाट्याने दिली. ती कात्री घेऊन स्वयंपाकघरात गेली. फ्रीझर उघडल्याचा आवाज आला, मग पिशव्यांची खसखस, मग कचाकचा काहीतरी कापल्याचा. राजन बघायला गेला, तर बाई ओट्याशी सुक्या बोंबलाची डोकी उडवत होती.

ती दरवर्षी गावाहून बोंबील आणायची. दरवर्षी शेजाऱ्यांचा विचार करून गप्प बसायची आणि शेवटी जलीबच्या कामगार वस्तीत खोल्या करून राहणाऱ्या गाववाल्यांना वाटून टाकायची. या इमारतीत तिने तो कधी म्हणजे कधी भाजला नव्हता. आता तिने तवा तापवला, बोंबील टाकले, एक्झॉस्ट फॅन बंद केला आणि घराचं दार सताड उघडलं.

"चारू, अगं लोक काय म्हणतील?"

"त्यासाठीच भाजतेय. जा, चेन लावा त्याची."

राजनने चेन लावली आणि बेडरूमच्या दाराला आतून पाठ टेकून उभा राहिला. यूसुफ वर आला. उंबऱ्यापाशीच त्याचे पाय अडखळल्याचं राजनला कळलं.

"मॅडम," भाडेकरूंकडून शिकलेल्या हिंदीत यूसुफ म्हणाला, "कोई मर गया?"

"हां. मछली. पिछले साल."

"मालिक बोला, सब कमरा देखो." तो दोन पावलं आत आला. राजनने श्वास रोखला. तसाही तो घेण्याजोगा राहिला नव्हता.

"देखो ना," चारुशीला धुराचा तवा हातात घेऊन त्याच्या वाटेत उभी राहिली. "पहले चखो."

यूसुफ चार पावलं मागे गेला. दोन आलेली, दोन जादा. "मैं मालिक को बोलेगा, मॅडम."

"बोलो. फ्लॅट नंबर भी बोलो. मेरा नाम चारुशीला. कल भी यही होगा, परसों भी."

चपलांचा आवाज भराभर जिन्याखाली गेला. राजन बाहेर आला. चारुशीलेने तवा ओट्यावर ठेवला आणि बोटं हलकेच उघडून मिटून पाहिली.

"रोज?" त्याने विचारलं.

"झाड तयार होईपर्यंत रोज. कंटाळलात तर मधे सुकट."

एवढ्यात फोन वाजला. रत्नमालाबाई. मराठी मंडळाच्या अध्यक्ष, घर कडक शाकाहारी. मंडळाच्या जेवणातल्या कोशिंबिरीत कांदा सापडला म्हणून यांनी आचारी बदलला होता. राजनने घाबरत घाबरत स्पीकर लावला.

"राजनभाऊ, बोंबील भाजताय ना?"

"सॉरी हो वहिनी, वासाचं जरा..."

"वासाचं राहू द्या." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "माझं माहेर अलिबागचं हो. लग्न झाल्यापासून जिभेला लागलेला नाही. वाटीभर मिळेल का? आमचे हे ऑफिसातून यायच्या आत. डबा घट्ट झाकणाचा बघा, आणि जिन्यात कुणी विचारलंच, तर लोणचं म्हणा."

राजन डबा शोधायला वळला. चारुशीलेने फोन आपल्याकडे ओढला.

"लोणचं कशाला म्हणायचं, वहिनी? उघडेच पाठवते."

तिने ताटलीत बोंबील काढले, वर कच्चं तेल आणि मिठाची चिमूट सोडली आणि ताटली नवऱ्याच्या हातात दिली. राजन लिफ्टपाशी गेला, थांबला, आणि जिन्याने वर निघाला. सावकाश, एकेका दाराशी जरा रेंगाळत.