जानूच्या नावाचा बेडूक

जानू वरकाने ओढ्यातला दगड अलगद उचलला आणि खालचा नखाएवढा सोनेरी बेडूक संशोधक बाईंना दाखवला.

“दादा, हा जगात दुसरीकडे कुठंच नाही!” बाई हरखल्या. त्यांनी बेडकाला जानूचंच नाव दिलं. जानूच्या बायकोने सगळ्या धनगरवाड्यात साखर वाटली.

दोन वर्षांनी सरकारी माणसं आली. बेडकासाठी डोंगर राखीव झाला होता आणि धनगरवाडा तिथून उठवायचा होता.

“साहेब, त्यो बेडूक म्याच दाखवला. माझंच नाव हाय त्याला.”

“मग तुला आनंद व्हायला हवा,” साहेब हसले आणि त्यांनी कौलं उतरवायला सांगितली.

बायको म्हशींची दावी सोडत होती. “तवाच चेचायला पायजे व्हता त्यो,” ती मान वर न करता म्हणाली.

जानू म्हणाला, “व्हय.”