बहिरी

"बास पाहिजे, काका. छातीत धडधडला पाहिजे," दादा म्हणाला, आणि दुकानदारानं सगळ्यात जाडजूड हेडफोन काढून काचेवर ठेवले.

बहिणीनं ते उचलले, उलटसुलट केले, खाली ठेवले. "हे खोटं बोलतात. नसलेला बास दाखवतात. सपाट आवाजाचे दाखवा ना."

दुकानदार हसला. "बरोबर आहे ताईंचं. ऐकायचे वेगळे, मिक्सिंगचे वेगळे. ऐकायचे गोड बोलतात, मिक्सिंगचे खरं बोलतात." मग दादाकडे निरखून बघत तो एकदम सरळ उभा राहिला. "साहेब, तुम्ही ते... माझ्या मुलीनं तुमच्या गाण्यावर घर डोक्यावर घेतलंय हो! मिक्सिंगपण घरीच करता म्हणे?"

"घरीच. एकटाच," दादा म्हणाला. "ही आपली सोबत आलीय. माझ्या कानांना सर्दीनं दडे बसलेत, म्हणून हिला घालून बघू दे."

सर्दी! दादाला सा की रे ते कळत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ताटं सरकवून, ती गाणी करायची. तो स्टेजवर चढून, गॉगल लावून, हात वर करायचा. आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबाच्या पोस्टरला रोज नवा हार.

"कोणतं गाणं लावू?" दुकानदारानं विचारलं.

"माझंच लावा. नवं. आजच आलंय."

तिनं सपाट हेडफोन कानांवर चढवले. गाण्यांच्या कंपनीकडे पाठवल्यापासून हे गाणं तिनं ऐकलं नव्हतं. सुरुवात तिचीच. फ्रिजच्या घरघरीतून काढलेला सूर तिचा, चमच्यांचा ताल तिचा. सगळं जागच्या जागी. ती मधल्या जागेची वाट बघू लागली.

बास कोसळण्याआधी गाणं श्वासभर थांबतं. त्या थांब्यात ती दर गाण्याला एक शब्द ठेवायची. स्वतःच्या आवाजात, कुजबुजीच्याही खाली. फोनवर ऐकणाऱ्याच्या बापाला कळला नसता. बहिरी. लहानपणी ती हाकेला ओ द्यायची नाही, नळाची टिपटिप ऐकत बसायची, म्हणून दादानं ठेवलेलं नाव. तेव्हा ती उलट म्हणायची, बहिरी ससाणापण असतो, वरून झडप घालतो. दादा खो खो हसायचा. पोस्टरवर तिचं नाव नव्हतं, कुठेच नव्हतं. तेवढा एक शब्द होता.

थांबा आला. गेला. बास कोसळला.

तिनं गाणं मागे नेलं. डोळे मिटले. हेडफोन इतके खरे होते, की त्या थांब्याच्या कडेला तिच्या खुर्चीची करकर ऐकू आली. शब्द नव्हता. जागा स्वच्छ पुसलेली होती.

तिनं हेडफोन काढले. "दादा, इथं काहीतरी होतं."

"कुठं?"

"थांब्यात."

दादानं दुकानदाराकडे पाठ केली, आवाज खाली आणला. "अगं, ते होय. कंपनीचा माणूस म्हणाला, मध्येच कुणीतरी बोलतंय. विचारत होता, कोण म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगायचं काय? म्हटलं, घरातलं असेल कुणीतरी. टाका काढून."

"कुणीतरी."

"जुन्या गाण्यांतूनपण काढायला लावलं. साफ झालं की नाही सगळं?"

"तुला आवाज ओळखू आला होता?"

दादा हेडफोनच्या वायरीचा गुंता सोडवू लागला. वायरीला गुंता नव्हता. "हे बघ, तुला हवे ते घे. महागातले घे. शनिवारी शो आहे, उद्यापर्यंत ते दुसरं गाणं झालं पाहिजे, बस."

दुकानदार हात चोळत पुढे आला. "काय मग ताई? कोणते बांधू?"

तिनं ते जाडजूड हेडफोन दादाच्या पुढ्यात सरकवले. "यांना हे द्या. गोड बोलणारे. यांना नुसतं ऐकायचंच असतं."

"आणि मिक्सिंगला?"

"तेही हेच करतात. एकटेच. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला." तिनं ओढणी सारखी केली आणि पायऱ्या उतरली.

"ए बहिरे!" दादा दारात धावला. "थांब! अगं, शनिवारचं गाणं कोण..."

तो थांबला. मागे दुकानदार उभा होता, कान टवकारून.

"सर्दीचं औषध आणायला चाललीय," दादा त्याला म्हणाला, आणि पुन्हा रस्त्याकडे वळून ओरडला. "बहिरे! ए बहिरे!" ती कोपऱ्याला पोचली तेव्हा त्यानं तिला खऱ्या नावानं हाक मारली. दादाच्या तोंडून ते नाव इतक्या मोठ्यानं कधी निघालं नव्हतं. समोरचा केस कापणारा कात्री थांबवून बाहेर आला. सायकलवाला वळला. फुटपाथवरचं कुत्रंसुद्धा मान वर करून बघू लागलं.

ती वळली नाही. तिच्या कानांवर काहीच नव्हतं.