पूर्ण कपाळ

दवाखान्याच्या दारातल्या काचेने हेमलताचं कपाळ पाहिलं आणि तिला एकसष्टावा नंबर दिला.

"सिस्टर, पोटात कुणी सुरी फिरवतंय असं होतंय हो," ती म्हणाली.

"सगळे असंच सांगतात, मावशी. नंबरासाठी लोक गडाबडा लोळायला लागले, म्हणून तर कपाळावरच्या आठ्या बघून नंबर देणारी काच बसवली. खोटी आठी तिला बरोबर कळते."

हेमलताच्या कपाळावर खोटीसुद्धा आठी उमटत नव्हती. साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर कपाळाला आठी पडली की कॅमेरा नोंद करायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने ऑपरेशन करून भुवया उचलून घेतल्या होत्या. नुसत्या कडा उचलायच्या, की आठ्या पाडणारे स्नायूही कापून पूर्ण कपाळ करायचं, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. परत परत कोण टेबलावर झोपणार, म्हणून तिने पूर्ण कपाळ सांगितलं.

आता ती कळवळून वाकली. तिला सावरायला तिचा नवरा दिगंबर पुढे झाला, तसं त्याचं आठ्यांनी भरलेलं कपाळ काचेसमोर आलं. काच लाल झाली. दोन कर्मचारी धावत आले आणि त्यांनी त्यालाच स्ट्रेचरवर आडवं केलं.

"अहो, मला नाही, हिला दुखतंय," तो सांगत राहिला.

"पुरुषांना दुखणं कबूल करायची लाज वाटते," म्हणत त्यांनी त्याला आत नेलं.

हेमलता भिंतीला टेकून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सिस्टर बाकावरच्या बायकांना कौतुकाने म्हणाली, "नवऱ्याला असं आत नेलं, तरी बघा कशा शांत बसल्यात."