बारा माणसं कमी

"बारा कमी? बारा?"

कस्तुराबाई चावडीची पायरी चढली तशी आतली पागोटी एकदम वळली. चावडीत बाईमाणूस येत नसे. ही आली, पदर खोचून आली, आणि सरळ टेबलासमोर उभी राहिली. तिच्या मागून आलेल्या दहा-पंधरा बाया पायरीखालीच थांबल्या.

तहसिलीतून आलेला गिरदावर खुर्चीत बसला होता. निजामी सन १३५० फसलीच्या खानेसुमारीचा, म्हणजे शिरगणतीचा आकडा त्यानं नुकताच वाचून दाखवला होता: चार हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. पाच हजार भरले असते तर गाव कसबा ठरणार होतं आणि कसब्याला सरकारी दवाखाना मिळणार होता, शिकलेल्या दाईसकट. आता तो दवाखाना नदीपलीकडच्या गावाला चालला होता.

आणि कस्तुराबाईची लेक मनकर्णा बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा सरत आलेला. मागच्या खेपेला परभणीच्या दवाखान्याकडं निघालेली बैलगाडी नऊ कोसांपैकी पाचच कोस गेली. वाटेतच जन्मून गेलेलं पोर ओढ्याच्या काठी पुरून गाडी परत आली होती.

"कुणी मोजलं? ह्या मास्तरानं? ह्याला वर्गातली पोरं धड मोजता येत न्हाईत, गाव मोजायला निघाला!"

कोणीतरी हसलं. घरोघर फिरून मोजणी केलेल्या बन्सीधर मास्तरानं मान खाली घातली.

"मास्तरावर कशाला गरम होता, बाई?" गिरदावर म्हणाला. "घरानं जे सांगितलं, ते त्यानं लिहिलं."

"मग काढ म्हणावं वही. माझं घर वाच."

मास्तरानं पानं उलटली. कस्तुराबाईचे थोरले चिरंजीव व्यंकटराव, वय चाळीस. त्यांची बायको. कस्तुराबाई, विधवा, वय अठ्ठावन्न. धाकटा लेक, धाकटी सून, नातवंडं. तो नवावर थांबला.

"नऊ? रोज दहा ताटं वाढते मी. दहावं काय कुत्र्याला वाढते?"

"दहावं मनकर्णेचं, आक्का."

"मग तिला कुठं गिळलंस?"

मास्तरानं एकदा गिरदावराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "मी लिवायलो होतो, आक्का. तुमी माझ्या हातातला टाक धरला. म्हणालात, दिल्या घरची लेक हाय. माहेरच्या वहीत नाव चढलं तर लोक म्हणतील, नवऱ्यानं टाकली."

म्हणाली होती ती. ओट्यावर उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली होती. लेकीची अब्रू राखली म्हणून त्या दिवशी तिला भाकरीही चांगली गोड लागली होती.

पण मागं सरेल ती कस्तुराबाई कसली. "मग सासरी लिवली असंल. व्याह्याच्या घरी."

"तिकडं मोजायला माझा मेव्हणा होता. तुमचे व्याही किशनराव त्याला म्हणाले, सून माहेरी गेलीय, तिकडंच मोजतील."

कस्तुराबाईचा आवाज चढला.

"दोन घरी राबती. दोन घरची उष्टी काढती. अन् दोन्ही वह्यांत न्हाई? मग माझ्या ओसरीवर बसलीय ती कोण हाय, सायेब? भूत?"

"कानून असा आहे, बाई. माणूस त्या दिवशी जिथं राहायला, तिथं..."

"मग तो कानून त्याच दिवशी माझ्या तोंडावर फेकायचा होता! मास्तर, मी आडाणी. तू तर शिकलेला ना? मी टाक धरला तर तू हात सोडवून घ्यायचास!"

"तुमच्या हातातून, आक्का?" मास्तर म्हणाला.

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

ती पायरीखालच्या बायांकडं वळली. "कडूबाई, तुझी माहेरी आलेली लेक? लिवली का?"

"न्हाई, आक्का. तुमच्यासारख्यांनी न्हाई म्हनल्यावर आमी कोन?"

"पार्वती, तुझ्या दोघी?"

पार्वतीबाईनं नुसती नकारार्थी मान हलवली. कस्तुराबाईचा अंगठा करंगळीच्या पेरांवरून सरकू लागला. एकेक बाई बोलत गेली, एकेका लेकीला एकेक पेर भरत गेलं. चार बोटांची बारा पेरं संपली, तेव्हा पायरीखाली तिघी बोलायच्या राहिल्या होत्या.

"घ्या, सायेब. ह्या समद्या लेकी गावातच हायेत. लिवा."

गिरदावरानं वह्यांच्या बस्त्याला गाठ मारली. "आकडा हैदराबादला गेला, बाई. आता दहा वर्षांनी."

"दहा वर्षं! बरं. लेकीला सांगते, तवर पोटातच धरून ठेव."

ती पायरी उतरली. बायांनी वाट दिली. तिनं कोणाकडं पाहिलं नाही.

मनकर्णा ओसरीवर खांबाला टेकून बसली होती, एक हात कमरेवर. "काय झालं, माय? येणार का दवाखाना?"

गोठ्यात बैलांना वैरण टाकणाऱ्या गड्याला कस्तुराबाईनं हाक मारली.

"आश्रुबा, गाडी काढ. परभणीला जाऊन ऱ्हायचं, आत्ताच. वेणा सुरू व्हायची वाट बगायची न्हाई. कडबा जाड अंथर. मी अन् मनकर्णा निघायलोत."

"म्हंजी दोघी बसनार, मालकीनबाई?"

कस्तुराबाईनं लेकीच्या पोटाकडं पाहिलं.

"तिघं," ती म्हणाली. "नीट मोज."