डाळीतले दोन खडे

मैत्रीने अंड्याची बशी हळूच बाजूला सारली आणि वरणभात कालवायला घेतला. सनीने बायकोकडे पाहिलं. पायलने बशी उचलून ओट्यावर ठेवली. हा तिसरा आठवडा होता.

मैत्री सात वर्षांची. सातपूरला त्यांच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरायचा, पंचशील पाठ करून घ्यायचे. बाकीच्या मुलांनी पाठ केलं. मैत्रीने अर्थ विचारला. पहिलं शील, जिवाची हिंसा करणार नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता तिने सांगून टाकलं, की आजपासून मटण, मासे, अंडी बंद.

सनीची आई चांगुणाबाई. त्यांचं म्हणणं, आपणही जन्मभर हेच शील म्हणत आलो आणि रविवारी मटणही आणत आलो, कुणाचं काही अडलं नाही. "पोरगी नाय, शेळी झालीय आमची," त्या शेजारणींना सांगायच्या. "निस्ता पाला खाती." मैत्री त्यांना "बेंऽ" करून दाखवायची. पण अंड्याला हात लावायची नाही.

मग एक दिवस शाळेत प्रार्थनेला उभी असताना तिला चक्कर आली. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. आधीपासूनच कमी असणार, डॉक्टर म्हणाले. टॉनिक दिलं, ते पोटात टिकेना. अंडी द्या, कलेजी द्या. दोन महिन्यांत वाढलं नाही, तर भरती करून रक्त चढवावं लागेल.

तोड चांगुणाबाईंनीच काढली. तिखट-मसाला न घालता हळद-मिठात उकळलेलं मटणाचं पाणी, आळणी. ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि रोज दोन खडे पोरीच्या डाळीत सोडायचे. वरून तूपजिऱ्याची फोडणी. कुणाच्या बापाला कळणार नाही.

पहिल्या दिवशी पायलने दोन पिवळे खडे वाटीत सोडले आणि ते विरघळेपर्यंत ढवळत राहिली. मैत्री ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, यात तसलं काही नाहीये ना? मुसावादा?"

हा त्यांच्या घरातला नवा खेळ होता. मुसावादा म्हणजे चौथं शील, खोटं न बोलण्याचं. मैत्रीने हा शब्द उच्चारला, की समोरच्याने खरंच सांगायचं. याच शब्दापुढे सनीने ऑफिसातून येताना एकट्याने भेळ खाल्ल्याचं कबूल केलं होतं.

"नाही गं," पायल म्हणाली. "मुसावादा."

मैत्रीने वाटी तोंडाला लावली. दाराशी चांगुणाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या दुपारी त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या.

त्या दिवसापासून पायलने लेकीच्या वाटीतली डाळ कधी चाखली नाही.

पुढे त्याची सवय झाली. रविवारी मैत्री विहारात गेली, की पायल आळणी शिजवायची, गाळून ट्रे भरायची, फ्रीजरमध्ये ठेवायची आणि मैत्रीला आणायला निघायची. आधी हे आणायचं काम चांगुणाबाईंचं होतं. पण त्यांचे गुडघे आताशा नेमके रविवारी धरायचे, विहाराच्या पायऱ्या नको म्हणायच्या. एरवी मात्र त्या बाजारापर्यंत चालत जात. पेठ तालुक्यातून येणाऱ्या एका बाईकडून शेवग्याचा पाला आणत. मसूर संपला, की सनीच्या मागे लागत. म्हातारपणी शेळीची सवय लागली का, असं सनीने विचारलं, तर म्हणाल्या, "दात नाय राह्यले बाबा. दुसरं काय चावू?"

दोन महिन्यांनी, शनिवारी, रिपोर्ट आला. अकरा पूर्णांक दोन. डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, काय खाऊ घातलंत?

"वरणभात, भाजी," मैत्रीनेच सांगितलं. "डाळीत काहीच टाकलं नाही. आई मुसावादा म्हणालीये."

डॉक्टर पायलकडे पाहत राहिले. पायल वाकून लेकीच्या सँडलचा पट्टा लावू लागली. पट्टा लावलेलाच होता.

रविवारी मैत्री रिपोर्ट घडी घालून वर्गाला घेऊन गेली. ती तो सगळ्यांना दाखवणार होती. कुणी मटण सोडायला घाबरत असेल, तर त्याला सांगणार होती, की माझ्याकडे बघा.

पायलने ट्रे भरला, फ्रीजरमध्ये ठेवला आणि निघाली. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. आज विहारात सगळ्यांसमोर लेकीच्या तोंडून आपलं खोटं पुन्हा बोललं जाणार. आणखी किती रविवार? ती वळली. तो ट्रे मोरीत ओतायचा आणि मैत्री घरी आली, की तिला समोर बसवून सांगायचं. ती रडेल. कदाचित पुन्हा कधी मुसावादा विचारणार नाही. तरी सांगायचं.

दार लोटलेलं होतं. चांगुणाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आत्या, मी मैत्रीला आज खरं सांगणार आहे," पायल दारातूनच म्हणाली. "डाळीत आळणी घालत होते म्हणून."

पायल जवळ गेली. ओट्यावर स्टीलच्या पेल्यात आळणी होती, अर्धी पिऊन झालेली. शेजारच्या पातेल्यात शेवग्याचा पाला आणि मसूर शिजवून गाळलेलं, हळद घातलेलं पाणी होतं. बर्फाचा ट्रे धुऊन पुसलेला होता, आणि चांगुणाबाई डावाने एकेक खण भरत होत्या.

"नको सांगू," हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या. "खोटं ठरंल ते."