तळघरातली चीं

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तळघराच्या शेवटच्या पायरीवर बसला आहात. बाहेर इतकी थंडी आहे, की दोरीवर टाकलेला ओला टॉवेल फळीसारखा ताठ होईल. समोर कपडे वाळवायचा ड्रायर आहे. त्याचा पुढचा पत्रा काढून भिंतीला टेकवलाय, आणि तुमचे आजोबा त्याच्यापुढे पोटावर आडवे झालेत. आलं सगळं डोळ्यांपुढे? मग आता जरा सरका आणि त्या पायरीवर आयलीला बसू द्या.

"निघाली!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी दोन लहान रबरी चाकं आयलीच्या ओंजळीत टाकली. "आतलं पिंप यांच्यावर फिरतं. बघ, एका बाजूनं झिजून चपटी झालीत. मग आवाज कसा येणार?"

"धप, धप, धप."

"शहाणी माझी."

त्यांनी नवी चाकं बसवली, पत्रा लावला, विजेची पिन खोचली आणि यंत्र सुरू केलं. धपधप खरंच गेली होती. अर्विडआजोबा फडक्याला हात पुसत उभे राहिले. सगळी उमर त्यांनी खाणीवरच्या दगड फोडायच्या गिरणीत काढली होती. तरी गावात कुणाचंही यंत्र कुरकुरलं की त्यांनाच बोलावणं यायचं. आधी कान लावायचा, मग हत्यार काढायचं, ही त्यांची रीत. हल्ली बोलावणी कमी झाली होती. का, ते कुणी तोंडावर सांगत नव्हतं.

आयलीची आई लॉर्ना ओल्या टॉवेलांची टोपली घेऊन जिना उतरली आणि मध्येच थांबली.

"बाबा, ती चीं चीं आहेच की अजून."

"कसली चीं चीं?"

"ही काय! कानात सुई टोचल्यासारखी."

आजोबांनी मान तिरपी केली. मग दुसऱ्या बाजूला केली. "काही नाही. तुला उगाच खोट काढायची सवय."

लॉर्ना ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "राहू द्या बाबा. मी दुकानात फोन करते, नवीनच आणू. तुम्ही वर या, कॉफी टाकलीय."

आजोबांनी यंत्र बंद केलं. एकेक हत्यार पुसून ते पेटीत ठेवू लागले. शेवटचा पाना ठेवून त्यांनी कडी लावली. "ही पेटीही कुणाला तरी देऊन टाक," ते म्हणाले. "घरात उगाच अडगळ."

आयलीला ती चीं स्वच्छ ऐकू आली होती. आजोबांना ती ऐकू आली नव्हती, हेही तिला कळलं होतं.

"आजोबा, एकदा हातानं फिरवा ना."

"आधी पिन काढ," आजोबा सवयीनं म्हणाले. तिनं पिन काढली. मग त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"चीं झाली की मी दाबीन."

आजोबांनी हात मागे ओढला. "मला काय बहिरा समजतेस?"

आयलीनं खरंच विचार केला. "फक्त बारीक आवाजाला. माझं ऐकू येतं ना तुम्हाला?"

"तू तर गिरणीचा भोंगा आहेस."

"मग झालं तर."

जिन्यात लॉर्नानं हसू दाबलं. आजोबांनी हात पुन्हा पुढे केला. उजव्या हातानं त्यांनी ड्रायरच्या दारातून पिंप हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आयलीनं दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. आजोबांनी डोळे मिटले. पिंपाचा एक फेरा पुरा झाला.

"नऊ," आजोबाच म्हणाले. त्यांनी आणखी एक फेरा दिला. "पुन्हा नऊ. आता सांग, पिंप एकदा फिरतं नि चीं नऊदा होते. मग ओरडतंय कोण?"

"पिंप नाही. ते एकदाच ओरडलं असतं." आयली बोटांवर मोजत राहिली. "काहीतरी लहान आहे. पिंप एकदा फिरतं तेवढ्यात ते नऊदा फिरतं. पण चाकं तर तुम्ही नवी घातलीत…"

"हं. मग दुसरं लहान काय आहे?"

दोघांनी मिळून पत्रा पुन्हा उतरवला. पिंपाच्या खाली, पट्टा ताणून धरणारी एक कप्पी होती. कपड्यांच्या भुश्शानं ती पार वेढली होती, आणि तिच्या मधलं भोक झिजून लांबट झालं होतं.

"पेटी," आजोबा म्हणाले. आयलीनं कडी काढली. पेटीच्या तळाशी तशीच एक कप्पी निघाली.

ती बसवून त्यांनी पत्रा लावला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. आजोबा यंत्राकडे बघत नव्हते. त्यांनी डावा हात पुढे केला. आयलीनं तो धरला आणि एकदाही दाबला नाही.

मग लॉर्नानं यंत्र थांबवून सगळे टॉवेल आत टाकले, ते परत सुरू केलं आणि म्हणाली, "कॉफी इथंच आणते."

ती वर गेल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "आयली, मला ऐकू येत नाही असं अजून काय काय वाजतं गं?"

आयलीनं त्यांना हाताला धरून जिना चढवला आणि मागचं दार उघडलं. गार वारा आत घुसला.

"दार कुणी उघडलं?" स्वयंपाकघरातून लॉर्ना ओरडली. "थंडी येतेय!"

भूर्जाच्या झाडाच्या पानं झडलेल्या फांदीवर काळ्या टोपीचा एक एवढासा पक्षी बसला होता. त्याची चोच उघडली: एक उंच बारीक सूर, मग एक खालचा. आयलीनं आजोबांचा तळहात आधी जोरात दाबला, मग जरा हलकेच.